बांधापल्याडचा आवाज

कसबा बावडा
१७ ऑगस्ट २०२५

चि. संयू,

अक्काचा आशीर्वाद. इकडं आम्ही सगळी धडधाकट आहोत. तूही बरी असणार. हल्ली टीव्हीवर दिसत नाहीस तरी ऐकू येतेस, त्यावरून म्हणते.

तुझे फोन येऊन गेले, उचलता आले नाहीत. गणपती तोंडावर आलेत, घर झाडायला काढलंय, डबे खाली आणि भांडी अंगणात. अशात निवांत बोलणं कुठलं. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. ह्यांना हसू आलं, "आता पत्र कोण लिवतंय?" म्हणाले. लिहू दे की. शाळेत निबंधाला पहिला नंबर माझाच असायचा, हे त्यांना काय माहीत.

नेसरीला आई बरी आहे. गुडघा धरून बसते, पण म्हशीची धार दुसऱ्या कुणाला काढू देत नाही. इकडं आमच्या मोनाची बारावी. अभ्यास सोडून बाकी सगळं जोरात चाललंय. आणि त्या बाकी सगळ्यात तुझी मालिका.

'बांधापल्याडची' अजून सुरूपण झाली नाही आणि बावडा येडा झालाय बघ. मोनानं व्हॉट्सॲपवर फॅन क्लब काढलाय. गल्लीतल्या पोरी, पार्लरवाली, दूध घालायला येणाऱ्या बायका, सगळ्या त्यात. भूत झालेली बाई कोण, बांधावर तिला कुणी मारलं, ती आधी कुणाच्या घरी जाणार, ह्यावर दिवसभर भांडणं. सर्वपित्री अमावस्येला पहिला भाग, म्हणून माझ्या सासूबाईंनी आत्ताच जाहीर केलंय, "त्या दिशी मी टीव्हीम्होरं बसणार न्हाय." पण जाहिरात लागली की पदर कानावरनं बाजूला करतात.

आणि तो आवाज. "दार उघड की गं... मीच हाय." तेवढंच वाक्य. पोरांनी फोनची रिंग केलीय. परवा कंडक्टरनं एसटीच्या दारात उभं राहून तसं म्हटलं आणि अख्खी गाडी हसली. चॅनेलनं ओळखा म्हणून सांगितलंय ना, आवाज कुणाचा? तर रोज नवीन नटीचं नाव निघतं. मी गप्प असते. तू सांगितलंस कुणाला बोलायचं नाही, तर नाही बोलले. ह्यांनाही नाही.

एक सहज विचारते. ते वाक्य लेखकानं लिहिलेलं, की तू सुचवलंस? नेसरीला लाईट गेली, आई डेअरीला गेलेली असली, की मी गोठ्यामागनं जाऊन आईच्या आवाजात तेच म्हणायचे, म्हणून आठवलं. तू कडी धरून बसायचीस आणि मग आपण दोघी पोट दुखेस्तोवर हसायचो. तुला आठवत असेल किंवा नसेल. मोठी माणसं आता तुम्ही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
अक्का


कसबा बावडा
५ सप्टेंबर २०२५

चि. संयू,

तुझं उत्तर पोचलं. "वाक्य तुझंच गं अक्का, मी ऑडिशनला म्हणून दाखवलं आणि त्यांनी उचललं," असं तू सरळ लिहिलंस. बरं केलंस. मी ते वाचून भाकऱ्या थापायला बसले आणि पहिल्या तिन्ही करपवल्या.

उद्या विसर्जन. यंदा आपल्या मंडळाचा सजीव देखावा कशावर असेल सांग? बरोबर. आमच्या ऋतुराजभावजींच्या डोक्यात शिरलं की मालिका यायच्या आधी देखावा आपलाच पाहिजे. थर्माकोलचा बांध केला, खरा ऊस आणून रोवला, पार्लरवालीला पांढरी साडी नेसवून उभी केली. फक्त आवाजाचं अडलं. जाहिरातीतलं वाक्य एवढंसं, आणि भुताला तर बरंच बोलायचं होतं. भावजी चहा पीत बसले होते, मी म्हटलं, "मी काढते की आवाज."

"वैनी, तुमी?" म्हणाले.

मी तिथंच काढून दाखवला. भावजी कप ठेवून दाराकडं बघायला लागले. खोटं सांगत नाही.

पहिल्या दिवशी पडद्यामागं माईक घेऊन बसले. रांग पार कोपऱ्यापर्यंत. बायका किंचाळत होत्या, पोरं आईच्या कमरेला मिठी मारत होती. संयू, मला काय वाटलं ते कसं सांगू? लग्नानंतर मी ह्या घरात मोठ्यानं बोलले ते फक्त जेवायला या म्हणून. आणि आता गल्ली माझ्या आवाजानं शहारत होती. त्या दिवशी जेवणपण गेलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी भावजी मान खाजवत आले. "वैनी, तुमचा आवाज लई भारी हाय. पण पब्लिक म्हणतंय, त्यो जाहिरातीतला पायजे. तुमचा तसा न्हाय वाटत."

तसा न्हाय! माझाच आवाज माझ्यासारखा न्हाय! त्यांनी मोबाईल लावला माईकला. तुझं वाक्य पुन्हा पुन्हा, सगळ्या गल्लीत, मी पोळ्या लाटत असताना, मी पाणी भरत असताना. मोना म्हणाली, "मम्मी, तुझा आवाज रागावल्यासारखा येतो. तिचा ऐकून रडू येतं." मी तिला काय बोलले ते लिहीत नाही.

बाकी मोदक चांगले झाले होते. आईनं नेसरीहून तूप पाठवलं होतं. गौरीला मी जांभळी नेसले, तू दिलेली. पाऊस अधूनमधून आहे.

इथवर लिहिलं आणि पत्र बंद करणार होते. पण तुला कुणीतरी दाखवणारच, तर माझ्याकडूनच कळू दे.

इथला एक चिराग म्हणून मुलगा आहे, देखाव्यांचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकतो. परवा आला. बायकांना विचारत होता, आवाज कुणाचा असेल? सगळ्या नट्यांची नावं घेत होत्या. माझ्यापुढं माईक आला. आणि माझ्या तोंडून निघालं, "तो आवाज माझा आहे."

त्याला वाटलं देखाव्यातला. मी म्हटलं, "नाही. मालिकेतला."

त्यानं डोळे मोठे केले. "म्हणून दाखवा की."

मी म्हणून दाखवलं. भोवतीनं टाळ्या झाल्या. तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेलाय म्हणे. मोनाच्या क्लबात मला नमस्काराचे हात पडताहेत. ह्यांच्या कारखान्यात लोक ह्यांना चहा पाजताहेत, आणि हे मला विचारतात, "कधी गेलतीस गं मुंबईला?"

तुझे फोन सकाळपासनं वाजताहेत. मी बघत बसते स्क्रीनकडं. कामात नाही मी. तू 'अक्का' म्हणशील, आणि त्यात मला तोच आवाज ऐकू येईल, म्हणून उचलत नाही. जाहिरात लागल्यापासनं असंच आहे.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं. वाक्य माझं, आवाज माझा, गोठा आपल्या दोघींचा, आणि मुंबई एकटी तुझी. तुला राग आला तर ये. उभं राहून भांड.

अक्का


कसबा बावडा
२० सप्टेंबर २०२५

प्रिय संयू,

तू भांडली नाहीस. त्याचा मला जास्त राग आला होता, आधी ते सांगते.

तुमच्या दिग्दर्शकांचा फोन आला तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. वाटलं, आता पोलिसात देतात. गृहस्थ म्हणाले, "तुमच्या बहिणीनं आम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणता ते खरं आहे. आवाज मुळात तुमचाच, ती तुमच्याकडूनच शिकली. बातमी फुटली म्हणून आम्ही तिलाच धरलं होतं, तर ती म्हणाली, तिला काही बोलू नका, तिला एकदा ऐका." तुझं काम जायची वेळ आलेली आणि तू हे बोललीस. एवढं चांगलं कशाला वागायचं माणसानं? दोन शिव्या घातल्या असत्यास तर मला घास गोड लागला असता.

त्यांनी राजारामपुरीत एका स्टुडिओत बोलावलं. दोन बहिणींचा आवाज एकत्र वापरायचा विचार होता त्यांचा. मी गेले. लाज सोडून गेले, नवीन साडी नेसून. हे बाहेर खुर्चीत बसले. काचेच्या खोलीत कानाला ते लावलं आणि मी म्हटलं वाक्य, जीव लावून म्हटलं. मग त्यांनी आधी माझं ऐकवलं, मागोमाग तुझं.

संयू, मी बहिरी नाही. माझ्या वाक्यात बाहेरची बाई आतल्याला भेडसावते. तुझ्या वाक्यात तिला फक्त आत यायचं असतं. दुसरं काहीच नको असतं तिला. मला ते लगेच ऐकू आलं आणि आणखीच जळले. म्हटलं, हे ही कुठं शिकली? हे तर मी शिकवलं नव्हतं.

तिथनं मी घरी न जाता नेसरीची गाडी धरली. आईला सांगायचं होतं की मलापण बोलावलं. आई उंबऱ्यात सूप घेऊन लसूण सोलत होती. मी फोनवर तुझी जाहिरात लावली. तिनं आजवर ती ऐकली नव्हती. टीव्ही बिघडल्यापासनं तिनं दुरुस्तच केला नाही. ऐकलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"बंद कर त्ये," म्हणाली.

मी म्हटलं, "अगं आपल्या संयूचा आवाज हाय. मी लहानपणी काढायची न्हाय का, त्यो."

"तुझा न्हवं." तिनं दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "मोना झाली त्या दिवाळीला आलती ती. तुझ्या अण्णांनी सांगितलंतं, नाटकवालीला घरात घ्यायचं न्हाय. हितंच पायरीवर हुबी हुती. दार उघड की गं आई, मीच हाय, म्हणली. असंच म्हणली. मी आत कडीवर हात ठिवून हुबी. न्हाय उघडली."

मी फोन बंद केला. ती म्हणाली, "सकाळच्या गाडीनं गेली माघारी. गल्लीत कुणाला कळलं न्हाय. तुला पण सांगू नको म्हणली."

मी तेव्हा बाळंतपणाला सासरीच होते. तू मला फोनवर म्हणाली होतीस, यंदा सुट्टी नाही, येत नाही. मी रुसले होते, भाऊबीज नसली तरी बहीण म्हणून यायचं नाही का, असं बोलले होते तुला. आणि तू "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून हसली होतीस.

आई रडली नाही. तुला माहीत आहे ती रडत नाही. फक्त म्हणाली, "आता सगळी ऐकत्यात व्हय त्ये?" मी म्हटलं, "सगळी." तिनं पुन्हा सूप ओढलं, आणि लसूण सोलता सोलता म्हणाली, "ऐकू देत."

माघारी येताना गाडीत एका पोरीच्या फोनची रिंग वाजली, तीच. तिच्या मैत्रिणी हसल्या. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकांना फोन करून सांगितलं, माझं रेकॉर्डिंग वापरू नका. ते म्हणाले, छान झालंय की. मी म्हटलं, छान झालंय, पण ते घाबरवायचं आहे. कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही. ते तुझं आहे, सांगायचं तर तू सांग.

चिरागला बोलावून घेतलं. कॅमेऱ्यापुढं म्हणाले, "मी खोटं बोलले. आवाज माझा नाही. कुणाचा ते अमावस्येला पडद्यावर कळेल." ते ऐकून भावजींनी कपाळाला हात लावला. पार्लरवाली मला बघून दुसरीकडं बघते. कारखान्यात ह्यांचा चहा बंद झाला. मोना माझ्याशी बोलत नाही, क्लबात तिला तोंड दाखवायला जागा नाही म्हणे. बोलेल. उद्या नाव आल्यावर मावशीच्या नावानं सगळ्यांत जास्त तीच मिरवेल, आणि मग मलाच विचारेल, आधी का नाही सांगितलंस.

उद्या मंडळाच्या चौकात मोठा पडदा लावलाय. खुर्च्या आल्यात. सासूबाईंनी पुढची खुर्ची धरायला सांगितलीय, आणि आई येतेय नेसरीहून, स्वतःहून. मी येऊ नको म्हणणार होते, पण तिनं विचारलंच नाही.

तुला मी सांत्वनाचं काही लिहीत नाही. ते मला जमणार नाही, आणि तुला चालणारही नाही. तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे, एवढंच लिहिते. ते लिहिताना हात जड झाला, हेपण लिहिते. मला वाटलं होतं, सगळं कळल्यावर पोटातली आग विझेल. नाही विझली. तुझं नाव पडद्यावर आलं की उद्या पुन्हा दुखेल, आणि टाळी पहिली माझीच असेल. दोन्ही खरं धर.

तुझ्यावर जळणारी, आणि तुझ्याबद्दल वाकडं बोलणाऱ्याला उभा जाळेल अशी,

तुझी सख्खी
अक्का