यमुनेच्या दाराची कडी

प्रिय सुमनमावशी,

तुले जाऊन महिना झाला. रडायचं तेवढं रडून झालं, आता राग आला म्हणून लिहून राह्यली. काल तुह्या उशाची कादंबरी तुमसरच्या वाचनालयात वापस कराले गेलती. कटंगीहून बस निघाली अन् मी ते पुस्तक उघडलं. तुमसर आलं तरी मिटलं नाही. तसंच काखेत धरून घरी आली. मावशी, त्यात तर काहीच नाही वो!

आठवते न तुले? दुपारी ओसरीवर आम्ही साऱ्या जणी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायचो अन् तू भिंतीले टेकून वाचायची. वाचताना तुले वळता येत नसे, म्हणून हरेक जण आपल्या मूठभर बिड्या तुह्या सुपात टाके. भजन वाच म्हटलं असतं तर कोणी एक बिडी दिली नसती. पण तू वाचत होती रंगेल सरदार विक्रमरावाची गोष्ट!

अन् यमुनेची. चाळिशीले टेकलेली, बिनलग्नाची, जिभेची तिखट यमुना. साऱ्या मुलखाच्या पोरी नादी लावणारा सरदार तिच्या पुढे येऊन अडकला. ज्या दिवशी त्यानं तिच्या अंबाड्यातला काटा दातानं ओढून काढला, त्या दिवशी आमच्या साऱ्याइच्या बिड्या सैल निघाल्या. बिड्या मोजून घेणाऱ्या सट्टेदारानं निम्म्या खराब म्हणून छाटात फेकल्या. काय झालं बाई तुमाले आज, म्हणून विचारत होता. गोमतीकाकू पदरात तोंड घालून हसत होती. काय सांगणार होती ती त्याले?

तो काटा मी काल साऱ्या पुस्तकात शोधला. नाही! यमुना नावाची एक म्हातारी आहे, दोन ठिकाणी विड्याचं तबक घेऊन येते अन् जाते. बस. सरदार एका सोळा वर्षाच्या राजकन्येशी लग्न करते अन् शेवटी लढाईत मरते. मग ते नदीकाठचं भांडण कोणाचं? ती मानेवर टेकलेली दाढी कोणाची? पान उलटवताना तुहा हात थांबायचा, डोळे पुस्तकावरून उठायचे, ते आम्हाले दिसत होतं. आम्हाले वाटे तू लाजून राह्यली.

मावशी, तुले हे सारं कुठून ठाऊक होतं? कोणी होता काय? मले काहून नाही सांगतलं? एका चुलीवर जेवलो आपण, एका चटईवर निजलो.

पण खरा राग याचा नाही. तू गोष्ट आणून ठेवली कुठं? विक्रमराव यमुनेच्या दारात उभा. म्हणते, "माह्यासंग चाल." यमुनेचा हात कडीवर. अन् तू पुस्तक मिटलं, म्हणाली, "बाकी उद्या." तुहा उद्या बालाघाटच्या दवाखान्यात गेला. असं करते काय कोणी? गोमतीकाकू रोज विचारते, तिनं कडी काढली का? मी सांगत होती, थांब, पुस्तकात असंल. आता कुठं शोधू?

तुह्या सुपात बायका अजून मूठभर बिड्या टाकतात. सवयीनं. मग एकमेकीकडे पाहतात अन् काढून घेतात.

अन् मले ते काकूपेक्षा जास्त पाहिजे होतं, हे तुले ठाऊक होतं. तिरोडीच्या खदानीतला तो बिजवर मले पाहून गेला तेव्हा तू घरातच होती. स्वयंपाक येते काय, लेकराइले सांभाळंल काय, एवढं त्यानं आईले विचारलं. मले नाही. वर मान करून एकदा पाह्यलं पण नाही. आई म्हणते, तीस वर्षाच्या पोरीले आता सरदार येणार आहे काय? तू मले बाजूले नेलं. मले म्हणाली, यमुना काय करते ते ऐक, मग ठरव. म्हणून मी आईले थांबवून धरलं. तू तर गेली!

रात्रभर मले तुह्यावर चिडचिड होत होती. सकाळी मात्र मी आईले सांगतलं, त्याले परत बोलाव. या वेळी माह्याशी बोलू दे. पाहाले आला तर मले पाह्य म्हणा, नाही तर माह्या तोंडून 'नाही' ऐकून जा. आई मले पाहतच राह्यली. मग म्हणाली, "तू सुमनवर गेली." मले बरं वाटलं.

तर मावशी, वचन देते. उद्या दुपारी मी तुह्या जागेवर बसणार. तेच पुस्तक उघडून धरणार, पानं पण उलटवणार. यमुना कडी काढेल, पण पहिले विचारेल, "माह्याकडे पाहून सांग, काहून आला?" पुढचं मले अजून सुचलं नाही, बसल्यावर सुचेल. तुले बी तसंच सुचत असंल.

पण कोणाच्या चुलीले कितीही उशीर होवो, यमुनेले दारात उभी ठेवून "बाकी उद्या" मी म्हणणार नाही.

तुही,
शांती