जित्या माणसाचं अळणी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर एक गोष्ट कबूल करावी लागली असती. आज ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला रक्तदाब मोजायचा तोच पट्टा बांधला आणि काचेच्या नळीतला पारा तुमच्यासारखाच वर जाऊन बसला. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

आठवतं, किती अभिमानानं सांगायचात? "आपल्या घरचं माणूस खाटेवर पडून नाई मरत. उभ्याउभ्या जाते!" आजोबा धानाच्या बांधावर गेले, काका सावली गावच्या बाजारात. मी आणि धाकटा वामन शाळेत ही बढाई मारायचो. बाबा, तो आजार होता हो!

डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केलं, तेव्हा आई नव्हती, चूल माझ्याकडे होती. मी अळणी वरण वाढलं. तुम्ही एक घास घेतलात आणि ताट सरकवलंत.

"अळणी तं सुतकात खातेत बाई. जित्या बापाचं सुतक धरून राह्यली का?"

असं अभद्र माझ्या हातून कसं झालं, असं वाटलं मला! उठले, ताटात मीठ वाढलं. दुसऱ्या दिवसापासून वरणातच घातलं. तुम्ही पोटभर जेवायचात आणि मी खुशीत असायची.

पण तुम्हीही एकदा हट्ट सोडायचा होता ना? डोकं ठणकलं की फडकं आवळून बांधायचं, नाकातून रक्त आलं की "ऊन लागलं" म्हणायचं. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभे होतात, तसेच पडलात. मग दहा दिवस मी अळणी जेवले. तुम्ही होतात तेव्हाच हे वाढत राहिले असते तर?

नाकडोळे उतरतात तसं हेही रक्तातून उतरतं, म्हणाले डॉक्टर, पण सगळ्या लेकरांत सारखं नाही. वामनचाही पारा पाहिला. त्याचा ठीक निघाला. बरं झालं बाबा, एक तरी सुटला. तुमचं नाक मलाच मिळालं म्हणून किती मिरवायची मी!

घरी येऊन बिनमिठाचं वरण केलं. वामननं माझ्या ताटातलं चाखलं आणि त्याचा चेहराच उतरला. "ताई, अळणी काऊन? कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं. जेव तू."

मग मात्र मला रडू आवरेना.

बाबा, शब्द देते. वामन रुसला, रडला, तरी मीठ घेणार नाही. आणि घराण्याची रीत मी मोडणार. उभ्याउभ्या जाणार नाही. चांगली म्हातारी होईन, खाटेवर पडेन, साऱ्यांना कंटाळा आणेन, मग येईन तुमच्याकडे. तेव्हा रागवा हवं तेवढं.

तुमच्याच नाकाची,
यशोदा