कपबशीवर शिक्का मारू नका

॥ श्री ॥
बडोदे, ९ मे १९९५

ती. दादा यांस,
निरूचा सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, मग पत्र वहिनींना वाचून दाखवा. मी महापालिकेच्या निवडणुकीला उभी आहे. आमच्या वॉर्डातली जागा यंदा बायकांसाठी राखीव झाली. मागच्या महिन्यात तुमचा उत्कर्ष कामावरून घरी येताना चार माणसे घेऊन आला. ती माणसे म्हणाली की बेन, तुम्ही इथल्या दोन पिढ्यांच्या मुली शिकवल्यात, तुमच्यासारखी बाई उभी राहायला हवी. मी आढेवेढे घेतले, पण खोटे कशाला बोलू, मनातून फार बरे वाटले. हे गेल्यापासून मला कुणी कशासाठी बोलावले नव्हते. फॉर्म भरणे, सूचक शोधणे, सगळे उत्कर्षने बाजव्याच्या कारखान्यातून रजा काढून केले. कालच चिन्ह मिळाले, कपबशी. नक्की होईपर्यंत तुम्हाला कळवायचे नाही असे ठरवले होते.

गंमत म्हणजे माझ्याच नावाची आणखी एक बाई उभी आहे. तीही निरुपमा शिर्के. लहरीपुऱ्याच्या मागच्या पोळात, म्हणजे गल्लीत, राहते. नळांना पाणी नव्हते तेव्हा बायकांना घेऊन कचेरीत जाऊन बसली होती, तीच. तिचे चिन्ह छत्री. पावसाळ्यात दोन्ही लागतात, असे उत्कर्ष म्हणतो.

भाषण लिहून काढले आहे. मराठीत करावे की गुजरातीत, ते कळवा. बहिणीच्या या वेडावरही माया असू द्या.

आपली,
निरू


॥ श्री ॥
सातारा, १७ मे १९९५

चि. निरूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला दोनदा वाचून दाखवले. नगरसेविकेला स्वयंपाक माफ असतो का, असल्यास तीही उभी राहील, असे तिने विचारले आहे.

भाषण गुजरातीतच कर. मराठीत केलेस तर फक्त आपलीच दारे उघडतील. आणि भाषणावर फार विसंबू नकोस. भोंगा लागला की लोक खिडक्या लावून घेतात. हल्ली टीव्ही बघून सगळ्यांना वाटू लागले आहे की जितका मोठा फलक तितका मोठा माणूस. माझे मत जुने आहे. मत उंबऱ्यावर मिळते. घरोघर जा, पाणी दिले तर पी, आणि मुलांची नावे विचार.

एक गोष्ट मात्र मनात खुपते. उत्कर्षने मला मागे लिहिले होते की त्याच्या युनियनच्या पुढाऱ्याची बायको, कोमलबेन, उभी आहे आणि तिचा प्रचार तोच सांभाळतो. वॉर्ड तुमचाच. मग तिच्याविरुद्ध त्याने तुला का उभे केले? मला उलगडा होत नाही. त्याला समोर बसवून विचार आणि मला कळव.

तुझ्यावर लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
बडोदे, २५ मे १९९५

ती. दादा यांस,
निरूचा सा. न. वि. वि.

विचारले. तो लाजलासुद्धा नाही. जेवता जेवता मला समजावून सांगितले. लोक नाव वाचतात आणि चिन्ह विसरतात. एकाच नावाच्या दोन बायका असल्या की खऱ्या निरुपमेची मते फुटतात आणि कोमलबेन निवडून येतात. ही स्ट्रॅटेजी आहे, सगळीकडे करतात, आत्याने काहीच करायचे नाही, नुसते नाव पुरे. मी विचारले, खरी निरुपमा म्हणजे कोण. तेव्हा त्याने आणखी भात वाढून घेतला. मग म्हणाला की तसे म्हणायचे नव्हते. पण निघून गेले होते तोंडातून.

ज्या भाषणासाठी तुम्हाला भाषा विचारली, ते आता आठवले तरी अंग चोरावेसे वाटते. कचेरीत जाऊन आले. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आहे, नाव कागदावर राहणारच.

म्हणून ठरवले आहे की उद्यापासून घरोघर जायचे, तुम्ही सांगितले तसेच, पण उलट्या कामासाठी. कपबशीवर शिक्का मारू नका, मला मत नको, पाण्यासाठी लढलेली निरुपमा ती छत्रीवाली, असे सांगायचे. याहून दुसरे काही सुचत नाही.

तुमच्या मुलाविषयी लिहावे लागले, त्याचा राग माझ्यावर न धरता जीव लावत राहा.

आपली,
निरू


सातारा, २ जून १९९५

चि. निरूस,
आशीर्वाद.

मला मान वर करवत नाही. त्याला मीच तुझ्या घरी ठेवले. सोबत होईल, वळण लागेल, असे वाटले होते. त्याला घराबाहेर काढ, माझी भीड धरू नकोस. तू करते आहेस ते योग्यच आहे. वहिनीचे डोळे भरून आले. आम्हा दोघांना तुझा अभिमान वाटतो.

माया आहे, ती दुणावली असे समज.

दादा


॥ श्री ॥
बडोदे, २० जून १९९५

ती. दादा यांस,
निरूचा सा. न. वि. वि.

अभिमान वाटतो असे लिहिलेत, ते परत घ्या. म्हणूनच हे लिहिते.

निकाल लागला. कोमलबेन निवडून आल्या. छत्री अगदी थोडक्यात पडली. मला जी मते पडली त्यातली निम्मी जरी तिला मिळती, तरी ती आली असती. मतदानाच्या संध्याकाळी शेजारच्या रखमाबाई कौतुकाने सांगत आल्या की आमच्या खडकीतल्या सगळ्या घरांनी तुम्हालाच मत दिले. मी म्हटले, अहो, मी नको म्हणून सांगून गेले होते ना. तर म्हणाल्या, म्हणूनच दिले, स्वतःसाठी काही न मागणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या निरुपमेच्या घरी गेले. तिने बसायला दिले, चहाही केला. मी सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली की बेन, तुम्ही फिरेपर्यंत आमच्या पोळात कपबशी कुणाची हे कुणाला ठाऊकही नव्हते. ज्याने ही युक्ती काढली त्याचे डोके चांगले आहे. मी शपथेवर सांगितले की युक्ती नव्हती. तिने मान डोलावली, पण विश्वास बसला नाही. उत्कर्षचाही बसला नाही. तो घरी येऊन खरोखर आदराने म्हणाला की आत्या, हे मलासुद्धा सुचले नसते.

दोघांवर रागवावे तर तेही जमत नाही. मी नको म्हणताच लोक आग्रहाने आत बसवत. बेन, तुमच्यासारखीच बाई हवी, असे म्हणत. तेव्हा एका वाक्यात सांगून उठता आले असते. मी बसत होते. त्यांनी पुन्हा म्हणावे म्हणून मी पुन्हा नको म्हणत होते. छत्रीचे नाव शेवटी, चप्पल पायात घालता घालता घेत होते, आणि एकदोन घरी तर तेही राहून गेले.

उत्कर्षला बाहेर काढ असे लिहिलेत. काढले नाही. कोणत्या तोंडाने काढू? तो समोर जेवायला बसतो आणि मी वाढते.

वहिनींना हे वाचून दाखवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा. पूर्वीइतका लोभ माझ्याने मागवत नाही. हे वाचून जो उरेल, तेवढा असू द्या.

आपली,
निरू