उंबऱ्याखालचा अर्धा जेनस

तीर्थस्वरूप दादांना,

कोसा गावाहून धाकट्या कैसोचा नमस्कार. तुम्ही बरे असाल तर उत्तमच; मीही बरा आहे (कंबर सोडून). रोमच्या धुराने वहिनींचा खोकला वाढला नाही ना?

लिहायचं कारण एवढंच की आपल्या लेकीचं, ओपियाचं लग्न ठरलं. आता लग्नघराच्या उंबऱ्याखाली दारांचा दोन तोंडांचा देव जेनस अख्खा हवा, आणि त्याच्या छापाचं बाबांचं काशाचं नाणं तर आपण वाटणीच्या दिवशी छिनीने तोडलं. (सुट्या पैशांसाठी सगळेच तोडतात म्हणा, आपण रागाने तोडलं.) देवाचं एक तोंड तुम्ही नेलंत, एक माझ्याकडे राहिलं. पण माझ्याकडचं कोणतं? मागे पाहणारं की पुढे? आतून ठेवलं तर पावाच्या भट्टीकडे पाहतं, बाहेरून ठेवलं तर रस्त्याकडे. पुजाऱ्याने तुकडा तीनदा फिरवला आणि म्हणाला, "तू कुठे उभा आहेस त्यावर आहे." मी म्हटलं, "अहो, उंबऱ्यातच उभा आहे की!" तर तोही गोंधळला.

मग तुकडा फळीवर ठेवून दुसरे देव आजमावले. मर्क्युरीचं नाणं पुरलं, व्यापाराचा देव म्हणून; दुसऱ्याच दिवशी पिठाची गोणी चोरीला गेली. (तो चोरांचाही देव आहे हे पुरताना कोणी बोललं नाही.) बुद्धीची देवी मिनर्व्हा पुरली, तर बायको तितिनिया माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढू लागली, पण ती आधीही काढायची, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. सॅटर्न पुरणार होतो, पण स्वतःची पोरं गिळणारा म्हातारा लग्नघरात कसा चालेल? शेवटी तितिनिया कडाडली, "देव बसवताय की भाडेकरू बदलताय?" म्हणून उंबरा सध्या रिकामाच आहे, आणि मी रोज त्याला अडखळतो.

तरी तुमच्याकडचा अर्धा पाठवावा. तुम्ही कामातले माणूस, यायची तसदी घेऊ नका.

तुमचा धाकटा,
कैसो

ता.क. तुकडा कोणाच्या हाती पाठवू नका. वाटेवर चोर फार. स्वतःच आणलात तर बरं.

आणखी एक ता.क. फळीवरचा माझा तुकडा तितिनियाने गेल्या बाजारी मासेवालीला देऊन टाकला, हे आत्ता कळलं. म्हणजे जोडायला काही उरलेलंच नाही. तरी या, दादा. काका येणार ना, असं ओपियाने विचारलं आणि मी तुम्हाला न विचारता हो म्हणून बसलो आहे.