दोनपैकी चांगली केबल

तीर्थरूप मामा,

तुम्हांला आणि मामींना नमस्कार. जिना चढताना तुमचा उजवा गुडघा अजून वाजतो का, की मामींनी आणलेलं तेल शेवटी लावायला घेतलंत, ते कळवा. इकडे मी ठीक आहे, म्हणजे अंगाने ठीक आहे. आईही ठीक आहे. (तिने तुमची आठवण काढली, असं मी सवयीने लिहिणार होतो. पण या पत्रात सगळं खरंच लिहायचं असं ठरवलं आहे. तिने आठवण काढली नाही. तुमचं नाव निघाल्यावर पिठाच्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं, एवढंच.)

मागे तुम्ही विचारलं होतं की हा पोरगा दिवसभर त्या थंड खोलीत स्वेटर घालून करतो तरी काय. ते आज सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा घोटाळा कळणार नाही. चाळीस दवाखान्यांचे एक्स-रे आणि तपासण्यांचे अहवाल आमच्याकडे एका मोठ्या कपाटात साठवलेले असतात. कपाट म्हणजे नुसत्या डिस्कांचं कपाट. ते वाचून दवाखान्यांना दाखवणारा सर्व्हर वेगळा, आणि तो लिनक्सवर चालतो. तिथे चित्रंबित्रं काही नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि उत्तर वाचायचं. आता मुद्दा असा, की सर्व्हरपासून कपाटापर्यंत एक नाही, दोन केबल जातात. तुमच्या भाषेत सांगायचं तर एकाच शिलाई मशीनला दोन पट्टे. एक तुटला तरी दुसऱ्यावर चाक फिरत राहतं आणि शिवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. या दोन वाटांच्या व्यवस्थेला मल्टिपाथ म्हणतात. ‘मल्टिपाथ’ टाइप करून, जागा सोडून, आडवी रेघ आणि दोन एल दिले की दोन ओळी दिसतात, प्रत्येक वाटेची एक. दोन्ही ओळी ‘चालू’ म्हणत असल्या की आपण चहा प्यायला मोकळे.

मामा, या व्यवस्थेतली खरी मेख अशी, की शिवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

गेल्या शनिवारी दुपारी मी तो हुकूम दिला, तर एक ओळ चालू आणि दुसरी बंद. कधीपासून बंद? एकोणीस दिवसांपासून. सर्व्हर बिचारा रोज तक्रारीची ईमेल पाठवत होता, पण ती जात होती दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका गृहस्थांच्या पत्त्यावर. (त्या पेटीत चौदाशे न वाचलेल्या तक्रारी निघाल्या. सगळ्या मी वाचल्या. शेवटच्या काहींमध्ये मला उगाचच अजिजी जाणवली.)

तुम्हांला माहीत आहे, बारावीनंतर शिक्षण सोडलेल्या मला या खोलीत घेतलं ते केवळ माझ्या नीटनेटकेपणावर. सहा महिने उमेदवारी, मग कायम करायचं की नाही ते साहेब ठरवणार, आणि ते सहा महिने याच आठवड्यात भरत होते. त्यामुळे मी घाई मुळीच केली नाही. वही काढली. माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक केबलची नोंद आहे: एसडीबी नावाची वाट म्हणजे लाल चिठ्ठीची केबल, एसडीसी म्हणजे निळ्या चिठ्ठीची. चिठ्ठ्या मीच पट्टी लावून कापल्या होत्या. पडद्यावर बंद दिसत होती एसडीबी. म्हणजे लाल. तीनदा ताडून पाहिलं आणि लाल केबल काढली.

आता इथे आमचे होईलराव येतात, ते कोण ते सांगतो. माझ्या आधीच्या पाळीला असतात. कशालाही ‘होईल, होईल’ म्हणतात आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक वेळा होतंही. या होईलरावांनी त्या शनिवारच्या तीन आठवडे आधी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला होता आणि रजिस्टरमध्ये लिहायचं राहून गेलं होतं. आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ही एसडीबी, एसडीसी नावं तो आपल्या मर्जीने नव्याने वाटतो. आधी जी दिसली ती बी, नंतरची सी. म्हणजे माझ्या वहीतलं एकूणएक अक्षर शुद्ध होतं आणि नोंद उलटी होती. मी काढली ती चांगली केबल.

तुम्हांला वाटेल घंटा वाजली असेल, लाल दिवे लागले असतील. काही नाही. या सर्व्हरला असं शिकवून ठेवलं आहे, की दोन्ही वाटा गेल्या तरी ओरडायचं नाही, चूक झाली म्हणायचं नाही, वाट येईपर्यंत थांबून राहायचं. तो थांबला. त्याच्यामागे चाळीस दवाखाने थांबले. माणसं एक्स-रेच्या खोलीबाहेर दुखरा हात धरून बसली, डॉक्टर पडद्यावरचं फिरतं चक्र बघत बसले, आणि कोणालाही ‘बिघाड’ असा शब्द दिसला नाही.

मी मात्र आत माझी यादी पाळत होतो. केबल बदलण्याची यादी मीच लिहिली आहे, सतरा कलमांची. कलम सहा: नव्या केबलचं काचेचं टोक खास कापडाने एकाच दिशेने पुसावं. कलम सात: वाळू द्यावं. कलम आठ: काम संपेपर्यंत फोन घेऊ नये. फोन वाजत होता. मी पुसत होतो. मग काचेच्या दारापलीकडे होईलराव आले आणि दोन्ही हात हवेत फिरवू लागले. मी त्यांना हाताने ‘होईल, होईल’ अशी खूण केली. मामा, आयुष्यात एकदाच त्यांना त्यांचंच वाक्य परत मिळालं, आणि तेही नेमकं त्या दिवशी.

नवी केबल लाल चिठ्ठीच्या जागी बसवली, पाच-सहा सेकंद गेले आणि सगळं पूर्ववत चालू झालं. एक अक्षर हरवलं नाही. अकरा मिनिटं अडकलेले एक्स-रे धडाधड पुढे गेले. बंद ओळ अजून बंदच होती, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी खुर्चीवर बसलो. (खुर्चीवर बसणं कलमांत नाही.)

आमच्या साहेबांना सगळे थंड साहेब म्हणतात. ते रागावत नाहीत, त्यामुळे माणसाला जास्त भीती वाटते. त्यांनी विचारलं, “केबल कोणी काढली?” मी म्हटलं, मी. “परत कोणी लावली?” म्हटलं, मीच. “मग दोघांचेही अहवाल द्या,” म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी दोन दिलेही. मग त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं, की ज्या खोबणीत केबल बसते तिला कारखान्यातून आलेला सोळा अक्षरांचा क्रमांक असतो. नावं बदलतात, तो बदलत नाही. वहीत तो लिहायचा. आता लिहिला आहे. निळी केबलही बदलली. पण मामा, चार दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही. केबल चुकली म्हणून नाही. एकोणीस दिवस एक वाट बंद होती आणि काम चालत होतं म्हणून कोणी तिकडे पाहिलं नाही, हे डोक्यातून जात नाही.

तब्येतीला जपा. मामींना सांगा की मफलर रोज वापरतो आहे, ती खोली उन्हाळा मानत नाही.

तुमचा, अकरा मिनिटांत बराच म्हातारा झालेला,
भाचा

ता. क. साहेबांनी मला कायम केलं. चूक करून दोन अहवाल देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणे. पण नेमणूक इथे नाही, परगावच्या नव्या केंद्रावर आहे. तिथे सगळं दुहेरी आहे, फक्त माणूस एकच. एक तारखेला जातो. आईला काल सांगितलं.

आणखी ता. क. पत्र लिहायला बसलो ते खरं यासाठी. तुम्ही आईच्या मशीनला तेल देता देता “बिघाड मशीनमध्ये नाही, हातात आहे” म्हणालात आणि हत्यारांची पिशवी इथेच टाकून निघून गेलात, त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून तुमचे निरोप मी तिला सांगतो आणि तिचे तुम्हांला. आज कबूल करतो, की वाटेत मी त्यांना इस्त्री करत होतो. “त्याची पिशवी इथे पडली आहे, उचलायला सांग” याचं “पिशवी जपून ठेवली आहे” मी केलं. तुमच्या “मला नको ती पिशवी” याचं “घाई नाही” केलं. काम चालत होतं, म्हणून आपल्यातल्या कोणी तिकडे पाहिलं नाही. आता एक तारखेला उरलेली केबलही निघते आहे. तेव्हा कृपा करून त्याआधी एकदा याल का? पिशवी न्यायला म्हणून या.

शेवटचा ता. क. आईने आत्ता खांद्यावरून वाकून विचारलं, कोणाला एवढं लांबलचक लिहितो आहेस. सांगितलं. ती म्हणते, लिही: मशीन सहा महिन्यांपासून बंद आहे, मी हाताने शिवते आहे, आणि हाताला काहीही झालेलं नाही. मी विचारलं, मग दुसऱ्या कोणाकडे दुरुस्तीला का नेलं नाहीस? त्यावर तिने पिठाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. या वेळी हळू.

(हा निरोप इस्त्री न करता पाठवतो आहे.)