विमान रद्द, आणि माझं ओपो

११ नोव्हेंबर, कोरोन

उद्याचं विमान रद्द! वादळ अजून लांब समुद्रात आहे, पण कंपनीने आधीच हात वर केले. चारच्या सुमारास कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. गोड आवाज, भरभर बोलणं — हवामान, सुरक्षितता, क्षमस्व, हा पर्याय, तो पर्याय. निम्मं माझ्या कानात शिरलंच नाही. शेजारची लुडी, जिला मी थोरली बहीण म्हणून आते म्हणते, कराओके लावून बसली होती. तिचं म्हणणं, लाईट जायच्या आत जेवढी गाणी होतील तेवढी होऊ देत. एकही सुरात नाही.

माझ्या वडिलांना, तातयना, चोवीसला मनिलात हजर व्हायचंय. डोळ्यांचं शिबिर, ऑपरेशन फुकट, नंबर एकोणचाळीस. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्याला वर्षभर थांबलात तर तोही हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणालेत. तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून इतक्या आधीचं घेतलं होतं, चुलतबहिणीकडे राहणार होतो. स्वस्ताई नडली.

अजून तेरा दिवस आहेत. होईल काहीतरी.

आणि एक. आज तातयनी विचारलं, "देलिंग, लाईट गेली का गं?" बल्ब त्यांच्या डोक्यावर जळत होता. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? फार वाईट वाटतंय.

१२ नोव्हेंबर

वादळ आलं. लिहवत नाही.

१४ नोव्हेंबर

स्वयंपाकघरावरचे दोन पत्रे उडाले. काजूचं एक पोतं भिजलं, बाकीची वाचली. आम्ही दोघं धड आहोत.

आज फोनला रेंज आली आणि पहिला निरोप विमान कंपनीचा. 'फोनवर दिलेल्या आपल्या संमतीनुसार दोन्ही तिकिटांचं भाडं पुढच्या प्रवासासाठी जमा केलं आहे.' त्यांच्याच विमानाने जायचं. कधी? फोन लावला. दोन डिसेंबरपर्यंत एकही जागा नाही.

शिबिर चोवीसला आहे. बोटीने जायचं तर तिकिटाला पैसे हवेत. घरात आहेत ते लेन्सचे. ऑपरेशन फुकट असलं तरी लेन्स आपली आपण घ्यायची. त्या पाकिटाला हात लावला तर मनिलाला जाऊन करायचं काय?

मी कधी संमती दिली?

१५ नोव्हेंबर

तातयना सांगितलं. म्हणाले, "वादळ काय कंपनीने आणलं? त्यांच्याकडे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे?"

आते लुडी कुंपणापलीकडून ऐकत होती. तिचे कान नेहमी आमच्याच घरात. म्हणाली, "मग काय देलिंगने आणलं? विमान उडवलं नाही, तर पैसे का ठेवतील?" तिचा भाचा विमानतळावर सामान चढवतो. तिथे भिंतीवर प्रवाशांच्या हक्कांचा कागद आहे म्हणे. वादळामुळे रद्द झालं तरी भाडं परत मागता येतं, तिकीट स्वस्तातलं असलं तरी. परत घ्यायचं की पुढच्या प्रवासाला ठेवायचं, हे प्रवाशाने ठरवायचं.

म्हणजे मी ठरवलं असं ते म्हणतायत.

१७ नोव्हेंबर

गावातल्या तिकीट खिडकीवर गेले. तिथली मिस क्रिस्टल, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. म्हणाली, "मॅडम, कॉल रेकॉर्ड झालाय. तुम्ही ओपो म्हणालात."

म्हणाले असेन! मी कुणाला ओपो म्हणत नाही? मासेवालीला म्हणते, पाद्रीबाबांना म्हणते, रांगेत पाय तुडवणाऱ्याला म्हणते. ओपो म्हणजे मान देऊन म्हटलेलं हो, पण ते नुसतं हो नसतं. बोला, मी ऐकतेय, तुमचा मान ठेवतेय — एवढंच असतं. हे हिला माहीत नाही होय? तीसुद्धा मला दर वाक्याला ओपो म्हणत होती.

लहानपणी नुसतं 'हो' म्हटलं की तातय टपली मारायचे. "ओपो म्हणायला काय पैसे पडतात?"

पडतात, तातय.

तक्रार लिहून दिली. वीस तारखेला विमानतळावर विमान खात्याच्या अधिकाऱ्यापुढे बोलावलंय.

१८ नोव्हेंबर

जेवण जात नाही. सारखं तेच. माझ्या एका शब्दापायी त्यांचा डोळा जाणार.

१९ नोव्हेंबर

तातय आज काजू निवडत बसले होते. फुटके एकीकडे, अख्खे दुसरीकडे, सगळं बोटांनी. एकही चुकला नाही. म्हणाले, "बघ, डोळ्यांवाचून काही अडत नाही माझं." मला धीर द्यायला बोलत होते. मला उलट राग आला. "अडतंय," म्हटलं आणि उठून आत गेले. मग चुलीपाशी बसून रडले.

२० नोव्हेंबर

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

तातयना घरी एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून बरोबर नेलं. खात्याचे अधिकारी मिस्टर अबरिका, पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. मिस क्रिस्टलने रेकॉर्डिंग लावलं. ती फोनवाली मुलगी भरभर बोलतेय, मी मधे मधे ओपो, ओपो. माझी मलाच लाज वाटली. मग मुलगी म्हणाली, "तर भाडं पुढच्या प्रवासासाठी जमा करू ना, मॅडम?" खूप गोंगाट. आणि माझा आवाज — "ओपो."

"बघा सर," क्रिस्टल म्हणाली.

मिस्टर अबरिका म्हणाले, "हा गोंगाट कसला?"

"आमची शेजारीण गातेय, सर."

"याला गाणं म्हणतात? परत लावा. आवाज वाढवा."

परत लावलं. आते लुडी किंचाळतेय. मुलगी विचारतेय. आणि मागून, लांबून, तातयचा आवाज. "देलिंग, लाईट गेली का गं?" मग मी — "ओपो, तातय." शेवटचा शब्द लुडीच्या तानेत बुडाला होता.

मिस्टर अबरिकांनी चष्मा काढला. "मिस क्रिस्टल, तुमच्या कंपनीत हिचा बाप कोण आहे?"

ती लाल झाली. वाईट मुलगी नाही. तिनेच मग कागद भरभर केले आणि पैसे आजच खिडकीवर मिळतील अशी सोय लावली. दोन्ही तिकिटांचं पूर्ण भाडं.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. तातय शेजारी बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लाईट गेली का, ओपो — आणि मागे लुडीचा कराओके जोरात चालू! लाईट असल्याशिवाय तो चालतो होय? मी खोटं बोलले ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, दोनदा वाजलं.

येताना व्हॅनमध्ये म्हटलं, "तातय, त्या दिवशी मी…"

"कळलं होतं मला तेव्हाच," ते म्हणाले. "डोळे गेलेत, कान नाही. लुडी गात होती की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या मानाने ओपो म्हणालीस. खोटं कशाला पाडायचं?"

त्यांचा हात माझ्या हातात होता.

२२ नोव्हेंबर

बोटीवर. कालची कोस्ट गार्डने सोडली नाही, आज सुटली. लेन्सचं पाकीट माझ्या कमरेला आहे, दर दहा मिनिटांनी चाचपते. आते लुडीने भात आणि वाळवलेले मासे बांधून दिलेत. वर टोमणा — "माझ्या गळ्यामुळे पैसे सुटले. आता मला बेसूर म्हणून दाखव."

२४ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "उशीर झालाय. उद्या पट्टी काढल्यावरच सांगता येईल," म्हणाल्या. मी ओपो म्हटलं. कशाला, देव जाणे.

२५ नोव्हेंबर

सकाळी पट्टी काढली. तातय काहीच बोलले नाहीत, नुसते पडून आहेत. विचारायची माझी हिंमत नाही. दुपार झाली, बाहेर पाऊस, मी खिडकीशी वहीत डोकं घालून बसलेय.

आत्ता मागून आवाज आला — "देलिंग, लाईट गेली."

वर पाहिलं. खरंच गेली होती.