पाइपातला खडा

बाबा, इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. सांडपाण्याच्या गाळातून फॉस्फरस काढायचं काम आता अंगवळणी पडलंय. त्याचे पांढरे दाणे होतात, ते खत म्हणून विकले जातात. वासापुढे नाकानंच हात टेकले.

तेच दाणे कधी पाइपात चिकटून दगड होतात, मग मी ते छिन्नीनं फोडतो. ताई फोनवर म्हणाली, तुमचा मूतखडाही त्याच जातीचा निघाला. तेव्हापासून हातात छिन्नी धरवत नाही.

रजा मागितली. साहेब म्हणाले, बघू. तुम्ही औषध वेळेवर घेता ना?

आणि कळ आली की कण्हणं लपवायला न्हाणीघरात नळ सोडता म्हणे. नका सोडत जाऊ. आईला सगळं ऐकू येतं. ती दाराबाहेरच उभी असते.

तुमचा,
धाकटा